वाचकांचे प्रश्न : देवमाशांच्या अभ्यासातली उन्हाळी इंटर्नशिप

प्रश्न : पुण्यात प्राणिशास्त्राच्या बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकेतल्या मेनच्या आखातात देवमाशांवर उन्हाळी इंटर्नशिप मिळते असं वाचलं. मे महिन्याच्या सुटीत जमेल का?

मेमध्ये नाही. हा तिकडचा उन्हाळा, म्हणजे जून ते ऑगस्ट. हंपबॅक देवमासे एप्रिल ते नोव्हेंबर या आखातात चरतात आणि हिवाळ्यात विण्यासाठी कॅरिबियनकडे जातात. आपली कॉलेजं नेमकी जूनमध्ये उघडतात, त्यामुळे शेवटच्या वर्षाची परीक्षा झाल्यानंतरचा उन्हाळा सोयीचा. अर्ज मात्र बहुतेक ठिकाणी जानेवारी ते मार्चमध्येच घेतात.

खरी अडचण व्हिसाची. टुरिस्ट व्हिसावर जाऊन इंटर्नशिप करू नका. जे-१ हा शैक्षणिक देवाणघेवाणीचा व्हिसा लागतो आणि त्यासाठी मान्यताप्राप्त प्रायोजकाकडून डीएस-२०१९ हा फॉर्म यावा लागतो. विद्यार्थी असताना किंवा पदवीनंतर १२ महिन्यांच्या आत इंटर्न म्हणून जाता येतं. छोट्या संस्थांना ही व्यवस्था अनेकदा झेपत नाही, म्हणून पहिल्या ईमेलमध्येच विचारा. नॅशनल सायन्स फाउंडेशन या अमेरिकी सरकारी संस्थेच्या आरईयू या विद्यार्थी-संशोधन योजनेत पैसे मिळतात, पण ती अमेरिकेचे नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यापुरतीच आहे. तिच्या अर्जात संध्याकाळ घालवू नका.

बहुतेक जागा बिनपगारी असतात. राहायची सोय कधी असते, कधी नसते. काही ठिकाणी उलट तुमच्याकडूनच फी घेतात. तिथे एकच विचारा : गेल्या वर्षीच्या इंटर्ननी कोणता डेटा हाताळला? उत्तर गुळमुळीत आलं, तर तुम्ही बोटीतली महागडी जागा विकत घेताय.

प्रश्न : मुलगी बॉस्टनमध्ये एफ-१ व्हिसावर शिकते. तिला परवानगी लागेल का?

इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग असेल तर सीपीटी, म्हणजे शिकत असताना काम करण्याची परवानगी. साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झालेलं असावं लागतं आणि आय-२० या विद्यापीठाने दिलेल्या फॉर्मवर नोंद झाल्यावरच कामाला सुरुवात करायची. बिनपगारी आहे म्हणून विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला न विचारता रुजू होऊ नये.

प्रश्न : फोटो चांगले काढते. तेवढं पुरतं का? रोजचं काम काय असतं?

फोटो कामाला येतात, पण वही त्याहून जास्त. इंटर्न बहुधा पर्यटकांच्या व्हेल-वॉच बोटीवर असतो. प्रत्येक दर्शनाला वेळ, अक्षांश-रेखांश, बोफर्ट या वारा-लाटांच्या मापावर (० म्हणजे शांत) समुद्राची स्थिती, प्राण्यांची संख्या, पिल्लू आहे का, वागणूक, हे सगळं लिहायचं. बोफर्ट ३ ला लाटांवर पांढरा फेस दिसू लागतो. त्यापुढे हार्बर पॉर्पस हा डॉल्फिनसारखा छोटा प्राणी जवळून गेला तरी सुटतो. म्हणून ‘काही दिसलं नाही’ एवढ्या नोंदीला समुद्राची स्थिती लिहिल्याशिवाय अर्थ नाही.

हंपबॅक खोल बुडी मारताना शेपटी जेमतेम दोन-तीन सेकंद वर येते. ओळख पटते ती शेपटीच्या खालच्या बाजूवरून, म्हणून फोटो बरोबर मागून हवा. शटर १/१००० किंवा वेगवान ठेवा. पाठीवरच्या पराच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजू घ्या. एक प्राणी संपला की आपल्या तळहाताचा एक फोटो काढा; नाहीतर रात्री दोन देवमाशांचे फोटो एकमेकांत मिसळतात आणि तुम्ही कपाळाला हात लावता.

सकाळचा पहिला फोटो जीपीएसच्या पडद्याचा, सेकंदांसह. कॅमेऱ्याचं घड्याळ भारतीय वेळेवर राहिलं असेल तर तो फोटोच वाचवतो. आणखी एक नेहमीची चूक : जीपीएस ४२ अंश १८.५ मिनिटं दाखवतो आणि वहीत ४२.१८५ लिहिलं जातं. खरा आकडा ४२.३०८. देवमासा नकाशावर सात सागरी मैलांहून जास्त दक्षिणेला सरकतो, आणि संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.

मग फोटोंची आधीच्या नोंदींशी जुळवणी. उत्तर अटलांटिकच्या कॅटलॉगमध्ये शेपट्या पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत १ ते ५ प्रकारांत लावतात. आधी प्रकार, मग मागच्या कडेच्या खाचा आणि व्रण. आता हॅपीव्हेलसारखी फोटो ओळखणारी संगणक प्रणाली जुळणी सुचवते, पण ती डोळ्यांनी तपासायचीच. शेपटी अर्धवट उचललेली किंवा उन्हाविरुद्ध टिपलेली असेल तर चूक होते, आणि पिल्लांच्या शेपटीचा रंग पहिल्या काही वर्षांत बदलतो. व्रण मात्र ओळखीला मदत करतात : १९७० च्या दशकापासून ओळखली जाणारी ‘सॉल्ट’ ही मादी पराच्या टोकावर मीठ शिंपडल्यासारख्या पांढऱ्या डागांनी कळते.

बोट लागण्याची गोळी आधी घरी घेऊन पाहा. काही गोळ्यांनी गुंगी येते.

प्रश्न : रत्नागिरीत राहतो, अमेरिका परवडणार नाही. इथे सुरुवात कशी करू?

मालवणकडे हंपबॅक डॉल्फिन किनाऱ्याजवळ दिसतात आणि त्यांची ओळखही परावरच्या खाचांवरून पटते. नोव्हेंबर ते एप्रिल समुद्र शांत असताना पर्यटकांच्या बोटीतून, अंतर राखून, दोन्ही बाजूंचे फोटो काढायचा सराव करा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. पावसाळ्यात मेलेले देवमासे किनाऱ्याला लागतात. असा दिसला तर १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर कळवा आणि परवानगीशिवाय हात लावू नका. कुजताना पोटात वायू साठतो, तेव्हा जवळ उभंही राहू नका. वनविभागाने मदत मागितली तर लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजा. अंगावरून टेप फिरवला की आकडा फुगतो. वरच्या जबड्याच्या वरच्या बाजूचा फोटो जरूर घ्या : लांबीच्या दिशेने तीन कडा असतील तर तो ब्रायडीज व्हेल; निळ्या देवमाशाला एकच असते.