बारीक आहेस म्हणून गोळी सोडू नकोस

सोलापूर

प्रिय लेकरा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज नीट वाचला. टीएसएच 28, फ्री टी-फोर कमी, उंची 170 सेंटिमीटर आणि वजन जेमतेम 48 किलो. घरीदारी सगळे एकच म्हणतात, "थायरॉईडवाली माणसं फुगतात, हा तर काडी. लॅबवाल्यानं नमुना बदलला असणार." त्यात कुणीतरी सांगितलं की थायरॉईडच्या या गोळीनं माणूस आणखी वाळतो, आणि तू गोळी बंद केलीस. ती उद्या सकाळपासून पुन्हा सुरू कर. डॉक्टरांनी लिहून दिलेला डोस तोच ठेव, मधल्या दिवसांची भरपाई म्हणून दोन-दोन घेऊ नकोस, आणि इतके दिवस बंद होती हे त्यांना फोन करून सांग. फक्त उठताना चक्कर येणं, कातडी काळवंडणं असं काही असेल तर गोळीआधी त्याबद्दल खाली लिहिलंय ते वाच. बाकीचं सावकाश.

मी अकरावीला शिकवलं होतं ते आठव. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी कमी पडायला लागली की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी तिला कामाला लावणारं टीएसएच जास्त सोडते. म्हणून रिपोर्टमध्ये टीएसएच वर आणि ग्रंथीचं स्वतःचं संप्रेरक टी-फोर खाली. हे दोन्ही आकडे एकाच दिशेनं बोलत असतील तर लॅबवर संशय घ्यायचं फारसं कारण उरत नाही. त्यात तुझं बाकीचं वर्णन बघ. एप्रिलच्या उन्हात, सगळं सोलापूर घामानं भिजलेलं असताना तुला पंखा नको वाटतो. पोट साफ होत नाही, केस गळतात, जिना चढताना मांड्या भरून येतात. यातल्या एकाही गोष्टीचा वजनकाट्याशी संबंध नाही.

लोकांना वाटतं तेवढं वजन थायरॉईड वाढवतच नाही. ग्रंथी बरीच मंदावली तरी तिच्यामुळे वाढणारं वजन साधारण दोन ते साडेचार किलोंच्या घरात असतं, आणि त्यातही चरबीपेक्षा अंगात साठलेलं मीठ-पाणी जास्त. शरीराची ऊर्जा कमी खर्च होते हे खरं. पण त्याच आजारात भूकही मंदावते, खाल्लेलं पोटात रेंगाळतं, दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं. एखाद्याचं खाणं खर्चापेक्षाही जास्त घटलं तर तो बारीकच राहतो. तेव्हा बारीक असणं आणि थायरॉईड कमी असणं एकाच अंगात सुखानं नांदू शकतं.

'बायकांचा आजार' म्हणून मित्र चिडवतात असंही लिहिलंस. बायकांमध्ये तो कित्येक पटींनी जास्त आढळतो, खरं आहे. जपानच्या हाकारू हाशिमोटो या डॉक्टरांनी 1912 मध्ये ज्या रुग्णांवरून याचं मुख्य कारण पहिल्यांदा मांडलं, त्या चौघी बायकाच होत्या. आपल्याच शरीराची रोगप्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटते, त्याला आजही हाशिमोटोचंच नाव आहे. पण ती मुलगा-मुलगी बघून उलटत नाही. पुरुषांमध्ये हा आजार उशिरा सापडतो, कारण कुणाच्या मनातच येत नाही. तुझ्या डॉक्टरांच्या मनात आलं, हे चांगलं झालं.

आता मला जास्त काळजी वाटते ती गोष्ट. तुला थायरॉईड आहे हे एक, आणि तू इतका बारीक का आहेस हा दुसरा, स्वतंत्र प्रश्न. 48 किलो तुझ्या उंचीला कमीच आहे. निदान 54 तरी हवं. 'हाडच बारीक आहे' म्हणून सोडून देण्याइतका हा फरक लहान नाही, विशेषतः गेल्या वर्षी सगळ्या पॅन्ट सैल झाल्या असं तू स्वतः लिहितोस तेव्हा. कदाचित साधंच कारण असेल. एमआयडीसीतली रात्रपाळी, दुपारी दोनला उठणं, नाश्ता बुडालेला, डबा अर्धा परत. तेच असेल तर आनंद आहे. पण हाशिमोटो एकटा येईलच असं नाही. तसेच स्वतःवर उलटणारे इतर आजार त्याच्या जोडीनं येऊ शकतात, आणि त्यातले काही माणसाला वाळवतात.

त्यातला एक सिलिअॅक. गव्हातलं ग्लुटेन आतड्याला सोसत नाही, आतड्याचं अस्तर झिजतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. तुझ्या घरी तीन पिढ्या ज्वारीची भाकरी. ज्वारीत ग्लुटेन नसतं. कामाला लागल्यापासून मात्र कॅन्टीनची चपाती, पाव, बिस्किटं सुरू झाली, आणि पोट बिघडणंही त्याच सुमाराचं. तुला तेच आहे असं मी म्हणत नाही, पण डॉक्टरांपुढे हे असंच्या असं सांग. त्यासाठी रक्ताची तपासणी असते, टीटीजी म्हणतात. ती होईपर्यंत गहू बंद करू नकोस. आधीच बंद केलास तर तपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते.

फार तहान, वारंवार लघवी आणि वजन घटणं असेल तर साखर तपासायला एक दिवसही थांबू नये. तुझ्या वयाला टाइप 1 मधुमेह होतो. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, संध्याकाळी कणकण येत असेल, तर सिव्हिलला जाऊन थुंकी तपासून घे. टीबीची तपासणी तिथं मोफत होते. आणि उठताना चक्कर येते, कातडी, हिरड्या काळवंडल्यात, खारट खावंसं वाटतं, असं काही असेल तर गोळी पुन्हा सुरू करायच्या आधी डॉक्टरांना सांग. तुला घाई करायला सांगणारी मी, इथं मात्र थांबायला सांगते आहे. मूत्रपिंडावरची अॅड्रिनल ग्रंथी कमी पडत असेल तर आधी तिचा उपचार करावा लागतो. तो न करता थायरॉईडची गोळी दिली तर रुग्ण अत्यवस्थ होऊ शकतो. हे क्वचित दिसतं, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

'गोळीनं माणूस वाळतो' ही भीती आली कुठून, तेही सांगते. डोस गरजेपेक्षा जास्त झाला तर वजन खरोखर घटतं, आणि चरबीबरोबर स्नायूही जातात. छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते, जुलाब होतात. दीर्घकाळ तसंच चाललं तर हाडं ठिसूळ होतात. असं काही वाटलं तर टीएसएच करून घ्यायचा आणि डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्यायचा. योग्य डोसमध्ये ही गोळी म्हणजे तुझ्या ग्रंथीनं जे बनवायला हवं होतं तेच संप्रेरक. त्यानं तुझी भूक परत येईल, पोट हलकं होईल.

तुझ्या मावशीनं बारीक होण्यासाठी तुझ्या बाटलीतल्या गोळ्या मागितल्या, हे वाचून मी हादरले. एकही देऊ नकोस. ज्याची ग्रंथी नीट चालते त्यानं वजन उतरवायला हे औषध घेणं म्हणजे हृदयाशी खेळ आहे. मावशीला वाईट वाटलं तर वाटू दे, माझं नाव सांग.

गोळी घ्यायची रीत तुझ्या बाबतीत फार बिघडली आहे. उपाशी पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, चहासुद्धा नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात घड्याळ उलटंपालटं होतं, तेव्हा शेवटच्या जेवणानंतर तीन-चार तासांनी घेतलीस तरी चालेल, पण एकदा ठरवलेलं रोज बदलू नको. जिमच्या दादानं दिलेली वजन वाढवायची पावडर बघ. डब्यावर कॅल्शियम, लोह, सोया लिहिलेलं असेल. हे सगळं गोळीचं शोषण अडवतं. लोह-कॅल्शियम आणि ही गोळी यांत चार तासांचं अंतर हवं. केसांसाठी चालू केलेल्या बायोटिनचाही एक त्रास आहे. ते रक्तात असताना अनेक लॅबच्या पद्धतीत टीएसएच खोटा कमी दिसतो आणि टी-फोर खोटा जास्त, मग डॉक्टर बिचारे डोस उतरवतात. तपासणीच्या किमान दोन दिवस आधी ते बंद.

आणि बाटली! तू ती गाडीच्या डिकीत ठेवतोस. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो, डिकीत त्याहून किती होत असेल. ऊन, उजेड, दमटपणा यांनी या औषधाची ताकद कमी होते. पत्र्याच्या घरात गॅसवरच्या फळीवरही नको. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, कपाटात, झाकण घट्ट लावून ठेव.

हे औषध अंगातून हळू जातं, निम्मं उतरायलाच साधारण सात दिवस लागतात. म्हणून एखादा दिवस विसरलास तर घाबरू नकोस, आणि चार दिवसांत फरक दिसला नाही म्हणून वैतागूही नकोस. पुढचा टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी. त्या दिवशी रक्त देऊन मग गोळी घे. पूर्ण डोस साधारण किलोमागे 1.6 मायक्रोग्रॅम या हिशेबानं ठरतो, म्हणजे तुझं वजन वाढलं तर डोसही बदलू शकतो.

खाण्याचं म्हणशील तर पावडरीचे पैसे वाचव. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिनं असतात आणि आपल्या गावात शेंगा चटणीला तोटा नाही. दह्यात कालवलेली चटणी, वर तेल, भाकरी, सोबत उसळ, अंडी खात असशील तर दोन अंडी. थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा, कारण तुझं पोट एका वेळी जास्त घेत नाही. कोबी, फ्लॉवर शिजवून बेतानं खायला हरकत नाही. आयोडीनच्या जादा गोळ्या मात्र घेऊ नकोस. घरात आयोडीनयुक्त मीठ आहे तेवढं पुरे, जास्तीच्या आयोडीननं हाशिमोटो बिघडू शकतो.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत बाराबंदीचा अंगरखा घालून नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलायची आहे, हे तू शेवटच्या ओळीत घाईनं लिहिलंस. मला तीच ओळ सगळ्यात आवडली. जानेवारीला अजून वेळ आहे. पण टीएसएच जाग्यावर येईपर्यंत जड वजनं उचलू नकोस. थायरॉईड कमी असताना स्नायू लवकर दुखावतात, पेटके येतात, आणि तू 'अंगात दमच नाही' म्हणून स्वतःला दोष देत बसशील. सध्या पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं चाल, जोर-बैठका थोड्या. आकडे सुधारले की डॉक्टरांना विचारून सराव वाढव. या वर्षी नाही जमलं तर पुढच्या वर्षी, यात्रा कुठे जात नाही.

पुढच्या भेटीला जाताना एका कागदावर लिहून ने: वर्षभरापूर्वीचं वजन, आताचं वजन, गोळी किती दिवस बंद होती, पावडर आणि बायोटिनची नावं, घरात कुणाला थायरॉईड, मधुमेह आहे का. अँटी-टीपीओ, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटली आहे का ते दाखवणारी रक्ताची तपासणी, झाली नसेल तर विचार. रिपोर्ट आला की मला फोटो पाठव, आकड्यासमोरची नॉर्मल रेंजही त्यात दिसू दे, प्रत्येक लॅबची थोडी वेगळी असते.

तुझ्या,
बाई