सायकलच्या फ्रेमवरील ओरखडे

प्रश्न : माझ्या नव्या पोलादी सायकलच्या फ्रेमचा रंग ब्रेकच्या केबल घासून आणि चेन आपटून निघू लागला आहे. महागडी संरक्षक फिल्म न घेता काय करता येईल?
– एक वाचक, पुणे

उत्तर : संपूर्ण फ्रेम झाकण्याची गरज नसते; आधी नेमके कुठे घासते ते पाहावे. चेनच्या बाजूच्या मागील आडव्या दांडीवर जुनी ट्यूब उभी कापून, धुऊन, ताणून गुंडाळावी आणि टोके केबल टायने बांधावीत. पंक्चरच्या दुकानात अशी ट्यूब बहुधा फुकटच मिळते, शिवाय चेनचा आवाजही कमी होतो. केबल टेकतात तिथे जाड पारदर्शक विनाइल टेपचा लहान तुकडा पुरतो, मात्र तो लावण्यापूर्वी जागा पुसून पूर्ण कोरडी करावी आणि तुकड्याचे कोपरे गोल कापावेत, म्हणजे कडा लवकर सुटत नाहीत. इलेक्ट्रिकल टेप टाळावी, कारण उन्हात तिचा चिकट थर फ्रेमवर उतरतो. पोलादी फ्रेमची खरी काळजी पावसाळ्यात घ्यावी लागते: ट्यूबखाली पाणी साचून गंज चढतो, म्हणून त्या महिन्यांत ती अधूनमधून सोडून दांडी पुसावीच. जिथे धातू आधीच उघडा पडला आहे, तिथे बारीक पॉलिश पेपर फिरवून नेलपॉलिशचे २ पातळ थर द्यावेत.