पेंग्विनची पिल्ले मारणाऱ्या स्कुआ पक्ष्यांचा अंटार्क्टिकावर कोणी बंदोबस्त का करत नाही?

आपल्या प्रश्नातील ‘बंदोबस्त’ या शब्दामुळेच हे उत्तर लिहायला बसलो. अंटार्क्टिकातील शिर्माखर टेकड्यांत मी एक उन्हाळा वीजतंत्री म्हणून काढला आणि हाच शब्द तेथे एका सहकाऱ्याच्या तोंडून रोज ऐकला.

त्या टेकड्यांत पेंग्विनची वसाहत नाही. खुला समुद्र ८० ते १०० किलोमीटर दूर आहे. तरीही दक्षिणध्रुवीय स्कुआच्या जोड्या तेथे येतात आणि उघड्या खडीत बहुधा दोन अंडी घालतात. प्रियदर्शिनी तलावाकडे केबल तपासायला जाताना मी नकळत एका घरट्याजवळ पोहोचलो आणि मागून टोपीवर असा फटका बसला की हातातील हत्यारे खाली पडली. स्कुआ आपल्या सर्वांत उंच भागावर झेपावतो, म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी डोक्यावर काठी उभी धरून जाऊ लागलो. पुढचे सगळे फटके काठीने खाल्ले. चूक माझी होती, पक्ष्याची नव्हे.

हा सहकारी मात्र स्कुआला दरोडेखोर म्हणायचा आणि छायाचित्र जवळून मिळावे म्हणून त्यालाच स्वयंपाकघरातील कोंबडीची हाडे टाकायचा. आठवडाभरात ती जोडी दारात येऊन बसू लागली. एके दिवशी त्याचा बाहेर ठेवलेला हातमोजा पक्ष्याने पळवला, तेव्हा यांना बंदोबस्त हवा झाला! “दोन हाडांनी काय होते?” या त्याच्या प्रश्नावर मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही, ते आता देतो. अंटार्क्टिकाच्या पर्यावरणरक्षणासाठी झालेल्या १९९१ च्या माद्रिद करारानुसार न खाल्लेले कोंबडीचे मांस परत न्यावे लागते किंवा जाळून अथवा तशाच सुरक्षित रीतीने नष्ट करावे लागते, कारण त्यातून तेथील पक्ष्यांना रोग लागण्याची भीती असते. परवान्याशिवाय पक्षी मारणे किंवा पकडणेही त्याच कराराने निषिद्ध आहे. आपल्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर एवढेच.

राहिला पेंग्विनचा मुद्दा. स्कुआचे पाय बदकासारखे पडद्याचे असतात, त्यामुळे घारीप्रमाणे पंजात भक्ष्य उचलणे त्याला जमत नाही. राखण नसलेले अंडे किंवा एकटे पडलेले पिल्लू तो चोचीनेच टिपतो. अंटार्क्टिकातील रॉस बेटावर अडेली पेंग्विनच्या शेजारी घरटी करणारे स्कुआसुद्धा मोठ्या प्रमाणात समुद्रातील माशांवर जगतात.

अर्थात हे दक्षिणध्रुवीय स्कुआबद्दल झाले. हिंदी महासागराच्या दक्षिणेकडील केर्गेलेन बेटांवरील तपकिरी स्कुआ अंधारात बिळांकडे परतणारे छोटे पेट्रेल पक्षी मारतात, त्यांना मी गरीब म्हणणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पावर मृत स्कुआंमध्ये बर्ड फ्लू आढळला. तो कोणाच्या हाडांमुळे पोहोचला असे मी म्हणत नाही, त्याआधी दक्षिण अमेरिकेतील समुद्रपक्ष्यांत तो पसरलेलाच होता. तरीही पर्यटक म्हणून तिकडे गेलात, तर खिशात बिस्किटसुद्धा ठेवू नका, आणि कोणी छायाचित्रासाठी हाडे टाकू लागला, तर मी गप्प राहिलो तसे राहू नका. त्या सहकाऱ्याने ते छायाचित्र चौकट करून घरात लावले आहे.