ओल नेमकी येते कुठून? जुन्या घराचे प्रश्न, वाचकांची पत्रं

या वेळी इंग्लंडमधून बरीच पत्रं आलीत आणि विषय सगळ्यांचा एकच, व्हिक्टोरियन घर घेतलंय (म्हणजे व्हिक्टोरिया राणी गादीवर होती त्या 1837 ते 1901 मधलं) आणि आता हात कुठे घालायचा ते कळत नाहीये. त्यातली चार निवडलीत. ओलीला जास्त जागा दिलीये, कारण जवळजवळ प्रत्येक पत्रात ती कुठेतरी होतीच.

प्रश्न: नमस्कार ताई, गेल्या वर्षी लीड्समध्ये 1890च्या सुमाराचं टेरेस घर (एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या ओळीतलं) घेतलं. पुढच्या खोलीत जमिनीपासून मीटरभर भिंत ओली दिसते, रंगाचे पोपडे निघतात आणि खाली पांढरी भुकटी पडते. एका कंपनीचा माणूस फुकट तपासणी करून गेला, भिंतीला मीटर टेकवला, लाल दिवा लागला, म्हणाला रायझिंग डॅम्प आहे, म्हणजे जमिनीतून भिंतीत वर चढणारी ओल, भिंतीत केमिकलची इंजेक्शनं देऊ आणि खालचं प्लास्टर काढून वॉटरप्रूफ सिमेंटचं करू, साडेचार हजार पौंड. सासऱ्यांचं आयुष्य बांधकामात गेलंय, ते म्हणतात सिमेंट करून टाका, कटकट नको. काय करू?

उत्तर: अजून सही केली नसेल तर करू नका. आधी ही भिंत कशी आहे ते बघू. तुमच्या घराची बाहेरची भिंत बहुतेक 9 इंची भरीव विटांची आहे, मधे पोकळी नाही आणि विटा चुन्यात बसवलेल्या आहेत. अशी भिंत पाऊस अडवत नाही, थोडा पिते आणि ऊन-वारा लागला की परत सोडते. हे घेणं-सोडणं चालू आहे तोवर भिंत ठीक असते. त्यावर सिमेंट थापलं की सोडायची वाट बंद होते, पाणी आतच राहतं, थंडीत गोठतं आणि विटेचा चेहरा फुटून गळायला लागतो. सासऱ्यांना सांगा की सिमेंट वाईट नाही, ते नव्या पोकळीच्या भिंतीचं सामान आहे, या भिंतीचं नाही.

आता तो मीटर. तो पाणी मोजत नाही, दोन टोकांमधून वीज किती सहज जाते ते मोजतो. भिंतीला लोणा लागलेला असला (तुमची पांढरी भुकटी तीच) किंवा जुन्या वॉलपेपरमागे चंदेरी फॉइल असली तरी दिवा लाल होतो. म्हणून लाल दिवा बघून इंजेक्शन घेणं म्हणजे ताप का आलाय ते न बघता ऑपरेशनला जाणं.

त्यापेक्षा पुढच्या मोठ्या पावसात छत्री घेऊन बाहेर अर्धा तास उभे राहा. खरंच सांगते, यासारखी तपासणी नाही. पन्हाळ कुठे ओसंडते, पाइपाच्या जोडातून पाणी कुठे भिंतीवर येतं, सगळं दिसतं. माझ्या स्वतःच्या घरात स्वयंपाकघराची भिंत दोन वर्षं ओली होती आणि आम्ही आतून रंगावर रंग देत होतो. कारण निघालं बाहेरचा बिडाचा पाइप, समोरून ठणठणीत पण मागच्या बाजूने चिरलेला, कारण तिथे कधी रंगाचा ब्रश पोचलाच नव्हता. हातातला छोटा आरसा पाइपामागे धरला तेव्हा दिसलं. पाइप बदलला आणि पुढचे कित्येक महिने काहीही न करता फक्त भिंत वाळू दिली.

मग जमीन बघा. बाहेरची जमीन आतल्या फ्लोअरपेक्षा चांगली खाली हवी, भिंतीच्या तळाशी असलेल्या ओल अडवणाऱ्या थरापासून निदान 150 मिलिमीटर. (1875च्या पब्लिक हेल्थ ॲक्टनंतर नव्या घरांत हा थर रुळत गेला, तुमच्या घरात बहुतेक स्लेटचा असेल.) पण शंभर-सव्वाशे वर्षांत कोणी फरशी घालतो, कोणी त्यावर काँक्रीट ओततो, कोणी फुलझाडांसाठी माती चढवतो, आणि थर जमिनीखाली जातो. थर बिघडलेला नसतो, त्याला ओलांडून पाणी वर गेलेलं असतं. अशा वेळी फावडं घेऊन भिंतीलगतची जमीन खाली उतरवायची आणि खडी भरायची, साडेचार हजारांचं काम कित्येकदा एवढ्यावर भागतं. भिंतीत खाली जाळीच्या विटा असतात त्याही बघा, लाकडी फ्लोअरच्या खाली हवा त्यातूनच जाते. त्या बुजल्या असतील तर मोकळ्या करा आणि खोलीच्या कोपऱ्यातली एक फळी उचलून जॉइस्टची (फळ्यांखालच्या लाकडी तुळयांची) टोकं स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या वर राहिली की कुजायची भीती. टोक मऊ लागलं किंवा कापसासारखी पांढरी बुरशी दिसली तर मात्र थांबू नका, माणूस बोलवा.

कारण सापडून दुरुस्त झालं की वाट बघायची. जुन्या लोकांचा ठोकताळा असा की भिंत महिन्याला एक इंच वाळते, म्हणजे तुमच्या 9 इंची भिंतीला नऊ महिने तरी. हेच कोणाला आवडत नाही, पण घाईने केलेलं प्लास्टर दुसऱ्या वर्षी पुन्हा निघतं. वाळल्यावर खराब भाग खरवडून चुन्याचंच प्लास्टर करा आणि वर हवा सोडणारा रंग, साधा व्हाइनिल इमल्शन नको. बाहेरच्या दर्जा (विटांमधले सांधे) सिमेंटने भरल्या असतील तर त्याही हळूहळू चुन्यात करून घ्या. सिमेंट हाताने छिन्नीने काढायला सांगा, ग्राइंडर घातला की विटेच्या कडा जातात आणि त्या परत येत नाहीत. आणि हे काम थंडीत नाही, तापमान 5 अंशांच्या खाली जायची शक्यता असेल तर चुना नीट धरत नाही.

तरी शंका राहिली तर पैसे देऊन स्वतंत्र सर्व्हेयर आणा, जुन्या घरांचा अनुभव असलेला आणि इंजेक्शन किंवा प्लास्टर न विकणारा. फुकट तपासणीचे पैसे शेवटी आपणच देतो.

प्रश्न: ब्रिस्टलहून लिहितोय. वर-खाली सरकणाऱ्या सॅश खिडक्या खडखडतात, वारा येतो, दोन तर उघडतच नाहीत. प्लास्टिकच्या डबल ग्लेझिंगचं (दुहेरी काचेच्या नव्या खिडक्यांचं) कोटेशन आलंय. लहान मूल आहे म्हणून थंडीची काळजी वाटते.

उत्तर: काळजी बरोबर आहे, पण खिडक्या काढू नका. ते लाकूड हळू वाढलेल्या पाइनचं असतं, दाट रेषांचं, तसं आता सहज मिळत नाही. कुजतं ते बहुतेक फक्त खालचा आडवा भाग आणि उंबरा, तेवढं कापून नवं लाकूड सांधता येतं. न उघडणाऱ्या खिडकीची एक तर चौकटीत लपलेल्या वजनांना बांधलेली दोरी तुटलेली असते (त्या वजनांवरच खिडकी तोलली जाते) किंवा रंगाच्या थरांनी ती चिकटलेली असते, दोन्ही एका दिवसाची कामं आहेत. खडखड आणि वारा ड्राफ्ट स्ट्रिपने (फटी बंद करणाऱ्या पट्टीने) जातो. त्याच्या आतून सेकंडरी ग्लेझिंग, म्हणजे काचेची दुसरी वेगळी चौकट, बसवलंत तर ऊब राहते आणि रस्त्याचा आवाजही चांगला कमी होतो. काच किंचित लाटांची दिसत असेल तर ती जपा, जुनी हाताने केलेली असण्याची शक्यता आहे. काचेवरचा कर 1845 मध्ये आणि खिडक्यांवरचा 1851 मध्ये गेला, त्यानंतर साध्या घरांतही मोठी तावदानं आली, तुमची खिडकी त्याच काळाची लेक आहे. जाड काच बसवायची असेल तर चौकटीतली वजनंही बदलावी लागतात, नाहीतर खिडकी वर थांबणार नाही.

मूल आहे म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगते. जुन्या रंगात शिसं असतं, ब्रिटनमध्ये घरगुती वापराचा तसा रंग 1992 पर्यंत मिळत होता. कोरडा सँडपेपर मारू नका, हीट गनने जाळू नका, ओलं करून घासा आणि काम होईपर्यंत मूल आणि कोणी गरोदर असेल तर तीही घराबाहेर. आणि काही बदलायच्या आधी कौन्सिलला विचारा, घर काँझर्वेशन एरियात (जुनं रूप जपायला राखलेल्या भागात) असेल तर खिडक्या बदलायला परवानगी लागू शकते, लिस्टेड (वारसा म्हणून सरकारी यादीत) असेल तर विनापरवानगी काम हा थेट गुन्हा आहे.

प्रश्न: बर्मिंगहॅम. जेवणाची खोली मोठी करायला खालचं धुराड्याचं बांधकाम पाडायचंय, बिल्डर म्हणतो दोन दिवसांत होईल.

उत्तर: पाडायला दोन दिवस लागतील, पण वरच्या मजल्याचं आणि छतावरचं धुराडं कशावर उभं राहणार ते आधी बिल्डरला विचारा. इंजिनियरचं गणित, बिल्डिंग कंट्रोलची (बांधकामाचे नियम तपासणाऱ्या खात्याची) मान्यता आणि भिंत शेजाऱ्याबरोबर सामाईक असेल तर 1996च्या पार्टी वॉल कायद्याने कामाच्या दोन महिने आधी लेखी नोटीस, एवढं सगळं हवं. मला विचाराल तर दीड फूट जागेसाठी पाडूच नका. फायरप्लेस नुसती बंद करायची असेल तर जाळी ठेवा, पूर्ण बुजवलं की आत ओल धरते.

प्रश्न: हॉलमधलं कार्पेट काढलं तर खाली लाल-काळ्या-पिवळ्या नक्षीच्या फरश्या निघाल्या, ताई, इतका आनंद झाला! पण वर काळा डिंक आहे. ॲसिडने जाईल का?

उत्तर: वाचून मलाही झाला! ॲसिड अजिबात नको, खालचा चुना आणि सांधे खातं. आणि तो काळा डिंक खरवडायच्या आधी त्याचा नमुना लॅबला पाठवा, जुन्या बिटुमेनच्या (डांबराच्या) डिंकात ॲसबेस्टॉस असू शकतं, ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी 1999 मध्ये आली. रिपोर्ट चांगला आला तर कोपऱ्यातल्या एका फरशीवर सौम्य क्लीनर लावून बघा, पाणी कमी वापरा, मळलेलं पाणी लगेच टिपून घ्या. वर चकचकीत प्लास्टिकसारखं सीलर लावू नका, खाली ओल अडवणारा थर बहुतेक नसतो आणि फरशीलाही भिंतीसारखी हवा लागते. हललेल्या फरश्या उचलायच्या आधी फोटो काढा आणि प्रत्येकीच्या मागे पेन्सिलने नंबर घाला, नक्षी परत जुळवताना एक तुकडा फिरला तरी सगळी ओळ चुकते.