खोकलाच नाही तर एक्स-रे काहून काढायचा?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. आम्ही नागपूरला पारडीकडे राहतो. आमच्या गल्लीत दिवाळीपासून टीबीचे तीन पेशंट निघाले. आता आशाताई म्हणून राहिल्या की समाजभवनात मशीन आणणार आणि सगळ्यांच्याच छातीचे एक्स-रे काढणार, खोकला असो की नसो. आमचे हे म्हणतात, आपल्याला काही झालंच नाही तर जायचं काहून, नाव लागलं तर पोरीच्या लग्नात अडचण. मी बचत गटात आहे म्हणून बाया मलाच विचारतात. काय सांगू?

उत्तर: ताई, सांगा की मी स्वतः जाऊन राहिली, तुम्हीपण चला. आणि ह्यांना सोबत न्याच.

खोकला येईपर्यंत थांबायचं, हीच आपली सगळ्यात मोठी चूक आहे. 2019 ते 2021 मध्ये देशभर टीबीचा सर्व्हे झाला, त्यात सापडलेल्या पेशंटपैकी जवळपास 43 टक्के लोकांना विचारलं तर लक्षण काहीच नव्हतं, एक्स-रे काढला म्हणून कळलं, आणि सर्व्हेतल्या ज्या लोकांना टीबीसारखी लक्षणं होती त्यातलेही 64 टक्के कुठेच दाखवायला गेले नव्हते. म्हणजे दवाखान्यात बसून पेशंटची वाट पाहिली तर अर्धी गल्ली सुटून जाते. व्हिएतनामच्या का माउ प्रांतात तर लक्षणं न विचारता सगळ्या मोठ्या माणसांची तपासणी दरवर्षी, अशी लागोपाठ तीन वर्षं केली, मग बाकी गावांच्या तुलनेत तिथं टीबी 44 टक्के कमी भरला. थोड्याथोडक्या घरांनी तपासून असं होत नाही, सगळ्या वस्तीनं एकदमच जावं लागतं.

एक्स-रेला मिनिटही लागत नाही, फक्त पोटुशी बाई असेल तर तिनं आधी सांगायचं. डाग दिसला म्हणजे लगेच टीबी असं नाही, मग थुंकी तपासतात. ती डबी बऱ्याच जणी नुसत्या लाळेनं भरून देतात अन् रिपोर्ट चुकतो. सकाळी चहाच्या आधी साध्या पाण्यानं चूळ भरायची, अंगणात मोकळ्या हवेत उभं राहून दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खाकरून काढायचं, घट्ट बेडका पाहिजे.

लग्नाचं म्हणाल तर ताई, मला ह्याचंच सगळ्यात वाईट वाटतं, कारण लपवण्यापायी पोरी उशिरा येतात. साधा टीबी सहा महिन्यांच्या फुकट गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि औषध नीट सुरू झालं की काही आठवड्यांतच दुसऱ्याला लागायचा धोका खूप कमी होतो. तो हवेतून पसरतो, ताट-वाटी वेगळी करून काही होत नाही, खिडक्या उघडा. गोळ्यांनी लघवी लालसर होते, त्याला घाबरून कोणी औषध सोडू नये, पण डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी दाखवायचं.

तुमच्या गटाला खरं काम आहे ते जेवणाचं. झारखंडमध्ये पेशंटच्या घरच्यांना दर महिन्याला तांदूळ-डाळ अन् व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या तर घरातल्या बाकीच्यांना फुफ्फुसाचा टीबी होण्याचं प्रमाण निम्म्याच्या जवळपास उतरलं! सरकार पेशंटच्या खात्यात नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 1000 रुपये देते, ते येऊन राहिले का एवढं त्या तीन घरी विचारा, आणि जमलं तर गटातून तूरडाळ, शेंगदाणे, अंडी पोचवा. त्या घरातल्या बाकीच्यांना टीबी नाही हे पक्कं झालं की त्यांना न होण्यासाठीचं औषधही मिळतं, ते मागून घ्यायचं.

अजून एक, आणि हे आशाताईंना आजच सांगा. टीबी बायांपेक्षा पुरुषांमध्ये जास्त निघतो, आणि कळमना मार्केटात हमाली करणारे तर पहाटेच घर सोडतात. मशीन दुपारी आलं तर तिथं फक्त बाया अन् म्हातारे भेटतील. रविवारी किंवा संध्याकाळी सातनंतर ठेवा म्हणा.