स्लिपर ऑर्किडचं पाणी नीट सांभाळ
अगं, या ऑर्किडला बल्ब, म्हणजे खोडाचे फुगीर भाग, नसतात, त्यामुळे पाणी साठवायला जागाच नाही, म्हणून डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडसारखं पूर्ण कोरडं पडू देऊ नकोस, पण कुंडीत पाणी साचलं तरी मुळं कुजतातच. कुंडीत बारीक बार्क (झाडाच्या सालीचे तुकडे), त्यात थोडं परलाइट (पांढरे हलके दाणे), वरचा थर सुकायला लागला की सकाळीच पाणी घाल आणि पानांच्या बेचक्यात पाणी राहिलं तर टिश्यूने टिपून घे, पावसाळ्यात तर नक्कीच, गाभा तिथूनच सडतो. बोअरचं जड पाणी नको, पावसाचं साठवलेलं बेस्ट. पूर्वेची खिडकी पुरे. मुंबईच्या उकाड्यात ठिपकेदार पानांच्या जाती बऱ्या, साध्या हिरव्या पानांच्या बऱ्याच जातींना थंडावा लागतो. आणि प्लीज, जंगलातून उपटलेलं रोप स्वस्तात मिळालं तरी घेऊ नकोस, नर्सरीत वाढवलेलंच घे.