स्थानक होईल तेव्हा होईल, हरकतीचे 8 दिवस उरलेत

पनवेल-कर्जत उपनगरी मार्गालगतच्या गावांतून या धाटणीची पत्रं सारखी येतात. तुमचं असं: होऊ घातलेल्या चिखले स्थानकाजवळ 26 गुंठे, सिडकोच्या नैना, म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या अधिसूचित क्षेत्रात. प्रारूप नगररचना परियोजना (सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून नव्याने भूखंड पाडण्याचा कच्चा आराखडा) राजपत्रात आलीय, दलाल साठेकरारासाठी मागे लागलाय, चुलते हिस्सा मान्य करत नाहीत आणि सातबारा अजून आजोबांच्या नावावर.

भाव किती चढेल, गाडी कधी धावेल, हे मी सांगू शकत नाही. पण प्रसिद्धीला 22 दिवस झालेत, हे तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय. खरं दुखणं तिथे आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 चं कलम 67 हरकतीला 30 दिवस देतं. त्याला मालकीची अट नाही; योजनेने बाधित होणारी कोणतीही व्यक्ती लेखी हरकत घेऊ शकते. म्हणून वारस या नात्याने आजच लिहा. आजोबा आणि वडिलांचे मृत्यूचे दाखले, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडा. शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पुढे कलम 72 खाली लवाद ठरवतो: अंतिम भूखंड, म्हणजे मूळ जमिनीच्या बदल्यात मिळणारा, कुठला, कुणाला, किती हिश्श्याने. नोटीस अभिलेखातल्या नावाने निघते, म्हणजे तुमच्या घरी ती मयत माणसाच्या नावाने येणार. लवादाने आखलेली प्राथमिक योजना अमलात आली की कलम 88 प्रमाणे मूळ जमिनीवरचे हक्क संपतात, त्यांच्या जागी अंतिम भूखंड उरतो. नैनात तो मूळ जमिनीच्या साधारण 40 टक्के. तो स्थानकाच्या तोंडाशीच मिळेल, याची हमी दलाल कशाच्या जोरावर देतो?

आजोबा जाऊन 14 वर्षं झाली. वारसाने 3 महिन्यांत तलाठ्याला कळवावं, असं जमीन महसूल अधिनियमाचं कलम 149 सांगतं. एका अर्जाचं काम होतं हो! आता तरी करा, आणि दोन्ही आत्यांची नावं त्यात हवीतच. चुलत्यांशी वाद असल्याने नगररचना अधिनियमाच्या कलम 71 खालची मालकीची चौकशी व्हावी, अशी मागणी हरकतीतच करा. त्या निर्णयाने दिवाणी कोर्टाचं दार बंद होत नाही. वाटपाचा दावा लावायचा तर लावा, पण त्याच्या तारखा वर्षानुवर्षं पडत राहतील आणि तेवढ्यात योजना पुढे गेलेली असेल.

तोवर साठेकरार नाही, कुलमुखत्यारपत्र तर अजिबात नाही. पोचेची प्रत आणि फेरफार अर्जाचा क्रमांक मला पाठवा. दलालाच्या कागदाकडे त्यानंतर बघू.